झपाटलेल्या बाहुल्याची वंशावळ

(वाशीम येथे तरुणांच्या एका अभ्यासमंडळापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून माझ्या वयाच्या दोघा स्नेह्यांनी मला दारातच अडवले. ‘गुर्जी, दुष्काळ, कर्ज, सोयाबीनचे भाव हे समदे विषय सरले का, म्हणून आता भुताच्या सिनेमावर बोलाले निंगाले तुमी?’ असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त आहे. मंडळाच्या मुलांनी उद्या संध्याकाळी याच सभागृहात ‘झपाटलेला’ हा चित्रपट दाखवायचे ठरवले आहे, आणि त्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी ‘गंभीर’ बोलावे अशी त्यांची इच्छा आहे. मी ती मान्य केली, त्याला एक जुने खाजगी कारण आहे. ते मी शेवटी सांगेन. सांगितल्यावाचून मला येथून जाता येणार नाही.

‘झपाटलेला’ १९९३ साली आला. दिग्दर्शक महेश कोठारे. तात्या विंचू नावाचा एक अट्टल गुन्हेगार एका मांत्रिक बाबाला धाक घालून त्याच्याकडून मृत्यूला चकवणारा मंत्र हस्तगत करतो, पोलिसांच्या गोळीने मरता मरता तो मंत्र म्हणतो, आणि त्याचा आत्मा जवळच्या एका बोलक्या बाहुल्यात शिरतो. पुढे तो बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांनी उभ्या केलेल्या भोळ्या लक्ष्याच्या घरी येतो आणि खुनांची मालिका सुरू होते. लक्ष्या सांगतो ते कोणालाही खरे वाटत नाही. बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी. तात्या विंचूची भूमिका आणि बाहुल्याचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. महाराष्ट्रातल्या एका संपूर्ण पिढीला त्या आवाजाने रात्री पांघरुणात घातले आणि सकाळी हसवले. भय आणि हसू यांचे असे मिश्रण साधणे सोपे नाही, हे आरंभीच मान्य करतो. मी त्या चित्रपटाचा शत्रू म्हणून येथे उभा नाही.

परंतु या बाहुल्याला वंशावळ आहे. ती आपल्याकडे कोणी सांगत नाही, आणि ती कळल्यावाचून हा बाहुला कोणाचा सूड घेतो आहे हे कळत नाही.

त्याचा बाप अमेरिकन. १९८८ साली तिकडे ‘चाइल्ड्स प्ले’ नावाचा चित्रपट आला. त्यातही शिकागोमधला एक खुनी पोलिसांच्या गोळीने घायाळ होऊन खेळण्यांच्या दुकानात शिरतो, मंत्र म्हणतो, आणि बाहुल्यात उतरतो. त्या कथेच्या मूळ लेखकाच्या मनात मुलांना जाहिरातींच्या माऱ्याने वेड लावणाऱ्या खेळणी-उद्योगाची टवाळी होती. पडद्यावर तिची थोडी खूण उरली आहे. आपल्या मुद्द्याची गोष्ट मात्र वेगळी. त्या खुन्याला मंत्र शिकवणारा माणूस काळा आहे, आणि तो मंत्र ‘व्हूडू’चा आहे. ज्या देवतेला हाक मारली जाते ती दांबाला. आणि पुढे हा बाहुला आपल्या त्या काळ्या गुरूलाच, त्याचीच विद्या वापरून, हालहाल करून मारतो. गोऱ्या चोराने काळ्याची विद्या चोरावी, तिच्या जोरावर अमर व्हावे आणि ज्याची चोरली त्याला संपवावे! लिहिणाऱ्याला हे कळून सुचले की न कळता, कोण जाणे. पण साम्राज्यवादाचा सारा इतिहास त्या एका प्रसंगात आला आहे.

व्हूडू हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या फॉन लोकांचा. त्याचा अर्थ देवता, आत्मा. सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रेंचांनी कॅरिबियन समुद्रातल्या सेंट-डोमिंग या वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, उसाच्या मळ्यांवर राबवण्यासाठी आफ्रिकेतून माणसे जहाजांत कोंबून आणली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे सुमारे पाच लाख गुलाम होते, आणि युरोपात खपणाऱ्या साखरेचा आणि कॉफीचा फार मोठा हिस्सा त्या एवढ्याशा भूमीतून जात होता. १६८५ च्या फ्रेंच राजाज्ञेप्रमाणे प्रत्येक गुलामाला ख्रिस्ती करणे बंधनकारक होते आणि अन्य उपासनेला बंदी होती. तेव्हा या लोकांनी आपले देव संतांच्या तसबिरींआड लपवले. रात्री रानात ढोल वाजवून ते त्यांना जागवत. त्या देवांत दांबाला हा सर्परूप, शुभ्र, शांत आणि प्राचीन असा पितृदेव. आपल्याकडे नागपंचमीला वारुळापाशी दूध ठेवणारी बाई त्याला लगेच ओळखील. अमेरिकन चित्रपटात मात्र तो खुन्याच्या हाकेला धावतो.

१७९१ च्या ऑगस्ट महिन्यात त्या रानातल्या अशाच एका रात्रीच्या मेळ्यात बुकमन नावाच्या गुलामाच्या पुढाकाराने उठावाची शपथ घेतली गेली, असे हैतीचे लोक सांगत आले आहेत. त्यानंतर काही दिवसांतच मळे पेटले. तेरा वर्षांच्या लढ्यानंतर, नेपोलियनने पाठवलेल्या फौजेलाही पाणी पाजून, १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी स्वतः उठून आपले राष्ट्र उभे केल्याचे असे दुसरे उदाहरण इतिहासात नाही. ज्यांना पगार नाही, नाव नाही, स्वतःच्या लेकरावर हक्क नाही अशा माणसांना एकत्र बांधणारा धागा तेव्हा ती रात्रीची उपासना होती.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून हैतीकडून पंधरा कोटी फ्रँक नुकसानभरपाई वदवून घेतली. नुकसान कशाचे, तर मळ्यांचे आणि सुटून गेलेल्या ‘मालमत्तेचे’, म्हणजे माणसांचे! मुक्त झालेल्या माणसाने आपल्या मुक्ततेची किंमत जुन्या मालकाला द्यायची, आणि ती देता यावी म्हणून मालकाच्याच देशातल्या पेढ्यांकडून कर्ज काढायचे. त्या कर्जांची शेवटची बाकी फिटायला १९४७ साल उजाडले. सावकाराच्या वहीतले व्याज काय असते हे वाशीम जिल्ह्याला मी सांगायला नको. २००६ साली पंतप्रधानांनी कर्जबाजारी विदर्भासाठी जे विशेष पॅकेज जाहीर केले, त्यातल्या सहा जिल्ह्यांत आपण होतोच.

मग १९१५ मध्ये अमेरिकेने हैती ताब्यात घेतला, तो १९३४ पर्यंत. रस्ते बांधण्यासाठी तेथल्या शेतकऱ्यांना वेठीला धरले गेले. याच काळात अमेरिकन प्रवासी तेथून भयकथा घेऊन घरी परतू लागले. १९२९ साली सीब्रुक नावाच्या लेखकाचे हैतीवरचे पुस्तक गाजले आणि १९३२ साली ‘व्हाइट झाँबी’ हा चित्रपट आला. झाँबी म्हणजे आपल्या कुस्तीतली झोंबी नव्हे. झाँबी म्हणजे थडग्यातून उठवून मळ्यावर राबायला लावलेले प्रेत. पाहणाऱ्या अमेरिकनाला त्या प्रेताची भीती वाटली. हैतीच्या शेतकऱ्याची भीती निराळी होती. झाँबी आपल्याला खाईल असे त्याला वाटत नव्हते. मेल्यावरही आपली मळ्यावरून सुटका होणार नाही, आपणच झाँबी होऊ, हे त्याचे भय होते. गुढीपाडव्याला साल ठरवून, उचल घेऊन, ती न फिटल्यामुळे पुढच्या पाडव्यालाही त्याच वाड्यावर उभा राहणारा सालगडी ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गोष्ट भुताची वाटणार नाही. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा आपल्याकडे १९७६ साली झाला, हेही येथे आठवावे.

आणि टाचण्या खुपसलेली ती प्रसिद्ध बाहुली? ती हैतीच्या उपासनेत नव्हतीच. शत्रूची मेणाची किंवा चिंध्यांची प्रतिमा करून तिला टोचण्याची रीत युरोपातल्या चेटकाची. युरोपने आपले चेटूक काळ्याच्या झोळीत टाकले आणि मग त्या झोळीला भ्यायला सुरुवात केली.

आता पुन्हा मराठीकडे या. ‘झपाटलेला’ने हैती पुसला, ते ओघानेच झाले, व्हूडूच्या जागी संस्कृत वळणाचा मंत्र आला आणि काळ्या गुरूच्या जागी जटाधारी बाबा. पण अमेरिकेत एकदा चोरली गेलेली गोष्ट येथे दुसऱ्यांदा पुसली गेली, आणि सर्वांत महत्त्वाची जी बाब होती, म्हणजे तक्रार, ती पूर्णपणे गळाली. तात्या विंचूची तक्रार कसलीच नाही. त्याच्यावर कोणी अन्याय केलेला नाही. त्याला अमर व्हायचे आहे आणि आड येणाऱ्यांना मारायचे आहे, एवढेच. सूड आहे, पण सुडामागचे दुःख नाही. म्हणूनच आपण त्याला हसू शकतो.

याच्या तीसेक वर्षे आधीचा ‘बीस साल बाद’ हा १९६२ चा हिंदी चित्रपट तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवेल. त्यात ठाकुरांच्या घराण्यातले पुरुष दलदलीत एकेक मरतात, गाव म्हणते भूत आहे. अखेरीस कळते की भूत नाही. ठाकुराने जिची अब्रू घेतली त्या मुलीचा बाप आहे. तो चित्रपट एका इंग्रजी रहस्यकथेवरून बेतलेला, पण आपल्या मातीतला अन्याय त्याने त्यात पेरला. पुढे १९८४ साली रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आला. त्यात राजाने शिरच्छेदाची शिक्षा दिलेला एक अघोरी राजघराण्याला शाप देतो आणि त्याचे मुंडके पेटीत बंदिस्त करून ठेवले जाते. पण शाप काय? की त्या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. अपराध आणि शिक्षा पुरुषांतली, सूड पुरुषांचा, आणि मरायचे बायकांनी. रामसे बंधूंवर टीका करण्याचा माझा हेतू नाही. समाज जे करतो तेच त्यांनी पडद्यावर मांडले.

शापित वस्तूंसाठी मात्र आपल्याला मुंबईच्या स्टुडिओत जायची गरज नाही. आपण ज्या गावात बसलो आहोत ते वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली येथे ताम्रपट सापडला, तो विंध्यशक्ती दुसरा या राजाचा, त्याच्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षातला. त्यात अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दान दिल्याची नोंद आहे. मारण-उच्चाटनाचे मंत्र ज्या वेदाच्या नावावर लोक टाकतात, नेमके त्याच वेदाचे हे ब्राह्मण. पण हा योगायोग मी गमतीने सांगतो आहे, त्यावर काही उभारू नका.

वाकाटकांच्या इतर ताम्रपटांत, उदाहरणार्थ अचलपूरजवळच्या चम्मकच्या ताम्रपटात, दान दिलेली जमीन हिरावणाऱ्याला शाप आहे. भूमी देणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहील आणि हिरावणारा तितकीच वर्षे नरकात, असे व्यासांच्या नावावर सांगितलेले ते वचन भारतभरच्या ताम्रपटांत आढळते. शिलाहार-यादवांच्या काळात तर कोकणापासून मराठवाड्यापर्यंत गद्धेगाळ नावाचे दगड उभे राहिले. वर चंद्रसूर्य, खाली गाढव आणि स्त्री यांचे ओंगळ चित्र. जो हे दान मोडील त्याच्या आईची ही गत होईल, अशी ती शिवी. येथेही गुन्हा पुरुषाचा आणि शिक्षा त्याच्या आईला, हे तुमच्या ध्यानात आले असेल.

म्हणजे आपल्या इतिहासात खऱ्याखुऱ्या शापित वस्तू आहेत, आणि त्या सगळ्या जमिनीच्या वस्तू आहेत. शाप हे मालमत्तेच्या रक्षणाचे हत्यार होते. राजाचा हात जेथे किंवा ज्या काळापर्यंत पोचणार नाही, तेथे शापाची नेमणूक झाली. आणि राजा किती हुशार पाहा: त्याच चम्मकच्या ताम्रपटात अशी अट आहे की दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह केला, चोरी-हत्या केली, इतर गावांवर आगळीक केली, तर राजाने ती जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. शाप सर्वांना, राजाला पळवाट. ज्या रयतेने ती जमीन कसली तिचा उल्लेख तेथे फक्त सूचना देण्यापुरता: यापुढे कर यांना द्या, यांची आज्ञा पाळा.

अलीकडचा ‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट मला या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. राही अनिल बर्वे यांनी तो वर्षानुवर्षे खपून केला. १९१८ ते १९४७ या काळातली, कोकणातल्या वाड्याची आणि गुप्तधनाची ती गोष्ट. शापित देवाच्या पुढ्यात पिठाची बाहुली टाकायची आणि तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या कमरेच्या वस्त्रातून सोन्याची नाणी पाडायची. बाप हे मुलाला शिकवतो, आणि मुलगा बापापेक्षा हावरा निघतो. येथे बाहुली आहे, शाप आहे, आणि मुख्य म्हणजे हाव आहे. भूत कोणत्या अर्थव्यवस्थेतून येते हे ज्याला कळले त्यानेच तो चित्रपट केला, असे मी म्हणतो.

गुप्तधन हा शब्द उच्चारला की आपल्या भागात हसू मावळते. मानवत येथून फार दूर नाही. १९७२ ते १९७४ या काळात, म्हणजे ऐन दुष्काळात, परभणी जिल्ह्यातल्या त्या गावी मुलींचे आणि स्त्रियांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधन मिळावे, मूल व्हावे यासाठी बळी दिले गेले, असे तपासात पुढे आले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मी तेव्हा तरुण होतो; संध्याकाळ झाली की आमच्या गावातही आया मुलींना हाका मारून घरात घेत. त्या भयाला संगीत नव्हते, मध्यंतर नव्हते.

येथे मला माझ्याच बाजूची एक अडचण सांगितली पाहिजे. हैतीतही अंधश्रद्धेविरुद्ध कायदे झाले. १८३५ पासून तेथे जादूटोणा गुन्हा होता. अमेरिकन ताब्यात त्या कायद्याचा बडगा ढोल वाजवणाऱ्या शेतकऱ्यांवर चालवला गेला. १९४१-४२ मध्ये चर्चने मोहीम काढून ढोल आणि देव्हारे जाळले. सत्ताधाऱ्याने गरिबाची श्रद्धा मोडणे आणि गरिबाला नाडणाऱ्याचा हात धरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या चळवळीने हा फरक सांभाळला, असे मी जबाबदारीने म्हणतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर देव-धर्म मानण्याविरुद्ध कायदा मागत नव्हते. शोषण, फसवणूक आणि क्रौर्य यांविरुद्ध मागत होते. वर्षानुवर्षे तो मसुदा विधिमंडळात लोंबकळत राहिला. २०१३ च्या जूनमध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमिती रूपात झळकला, तात्या विंचू पुन्हा जिवंत झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला सकाळी पुण्यात दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आठवडा उलटण्याच्या आत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. जो कायदा जिवंत माणसाच्या युक्तिवादाने झाला नाही तो त्याच्या मृत्यूने झाला. खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. पडद्यावर दोन तासांत मिटणारा हिशेब येथे अकरा वर्षे चालला, आणि या अकरा वर्षांत त्यांच्या माणसांपैकी कोणी सुडाची भाषा केली नाही. ते दर महिन्याच्या वीस तारखेला पुलावर जमून प्रश्न विचारत राहिले.

त्या कायद्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. करणी, भानामती, गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये, नरबळी. एखादी व्यक्ती करणी करते, जनावरांचे दूध आटवते असे सांगून तिचे जगणे अशक्य करणे. विंचू, साप, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. विंचवाचे नाव निघाले म्हणून सांगतो, विंचवाच्या दंशावर महाराष्ट्राने जगाला औषध दाखवले ते महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी, प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध वापरून त्यांनी कोकणातल्या शेकडो लेकरांचे प्राण वाचवले. तात्या विंचू ज्यांना पाठ आहे त्यांना बावस्करांचे नाव ठाऊक नसते, याला चित्रपट जबाबदार नाही, आम्ही शिक्षक आहोत.

आणि आता ते खाजगी कारण.

१९९४ च्या उन्हाळ्यात मी पैनगंगेच्या काठच्या एका गावी शाळेवर होतो. जत्रेत तंबूचा सिनेमा आला होता आणि त्यात ‘झपाटलेला’ लागला होता. मीच मुलांना घेऊन गेलो. मुले आठ दिवस तात्या विंचूच्या आवाजात बोलत होती, मलाही मजा वाटत होती. पावसाळ्याच्या तोंडी गावातल्या एका बऱ्या घरातली दुभती म्हैस आटली, आणि पंधरवड्याने त्याच घरातले तान्हे मूल गेले. मग एका सकाळी त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर काळी बाहुली सापडली, लिंबू आणि टाचण्यांसकट. धुऱ्यापलीकडचे दोन एकर त्यांच्याच भावकीतल्या एका विधवेचे होते. म्हातारी एकटी. दुपारपर्यंत गावाने निकाल दिला होता. ती पाण्याला निघाली की माझ्याच शाळेतली मुले तिच्या मागे तो सिनेमातला मंत्र ओरडत धावत. मी शिकवलेली मुले, मी दाखवलेला सिनेमा.

पारावर बैठक बसली तेव्हा मी हजर होतो. तिला विचारले गेले, तू करणी केली का? ती रडली नाही. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘गुर्जी, तुमी शिकेल हा, तुमीच सांगा. माह्या हातात येवढं बळ असतं, तं माह्या वावराचा धुरा मी पयले जाग्यावर नसता का आणला?’

तो धुरा दर नांगरटीला दोन तासांनी तिच्या बाजूला सरकत होता. साऱ्या गावाला ते माहीत होते, मलाही. बाहुली कोणी ठेवली असेल हे कळायला मंत्र लागत नव्हता. पण मी ज्या घरात भाड्याने राहत होतो ते घर त्याच कुटुंबाचे होते, आणि माझी बायको तेव्हा दिवसांत होती. मी म्हणालो, ‘यात मी काय बोलणार?’ एवढेच शब्द. तेव्हा असा कायदा नव्हता हे खरे; पण मोजणीचा अर्ज लिहून देण्याला कोणत्याच कायद्याची आडकाठी नव्हती, आणि तो अर्ज मला एका तासात लिहिता आला असता.

म्हणून मी तुम्हांला चित्रपट पाहू नका असे सांगणार नाही. चित्रपट बंद करण्याची मागणी ही आळशी माणसाची मागणी आहे. त्या गावात सिनेमा आला नसता तरी बाहुली सापडलीच असती, कारण धुरा सिनेमाच्या आधीपासून सरकत होता. कायद्याबद्दलही एवढेच म्हणतो की, तो करणीचा आळ घेणाऱ्याला शिक्षा करतो, आणि ते आवश्यकच आहे. पण आळ घेण्यामागे जी दोन एकरांची हाव असते तिला हात घालायला तलाठी, मोजणीदार आणि साक्ष द्यायला तयार असलेला एक शेजारी लागतो. गुलामांच्या देवाला खुन्याच्या तोंडी घालणारे आणि विधवेच्या धुऱ्यावर बाहुली ठेवणारे यांची रीत एकच: आधी हिरावून घ्यायचे, आणि ज्याचे हिरावले त्याच्याच हाती सूड आहे असा बोभाटा करायचा. खरोखर सूड ज्याच्या हाती असतो त्याला बाहुली लागत नाही.

ती म्हातारी त्याच आषाढात आपल्या लेकीकडे मानोऱ्याच्या बाजूला निघून गेली. परत आली नाही. काही वर्षांनी मी त्या गावाहून बदलून गेलो तेव्हा तिचे दोन एकर आणि त्यांचे शेत यांच्या मध्ये धुरा उरला नव्हता. सलग पेरा होता.

उद्या संध्याकाळी मी चित्रपटाला येणार आहे. पुढच्या रांगेत बसणार आहे, आणि जेथे हसू येईल तेथे हसणारही आहे. मध्यंतरात ज्यांना मोजणीचा अर्ज कसा लिहायचा ते शिकायचे असेल त्यांनी कागद घेऊन यावे.